मंजुनाथचा रंग, महेश्वरीचे मणी

मंजुनाथ आळगी आणि मी शाळेत एका बाकावर होतो. गणिताच्या तासाला मी गणितं सोडवायचो आणि तो माझ्या वहीच्या मागच्या पानावर नंदी काढायचा. पुढं मी छपाईच्या धंद्यात पडलो, तो रंगाच्या डब्यात.

सोलापूरच्या बाळीवेशीत त्याचं एका खोलीचं दुकान होतं, पण दुकानात तो कधी सापडायचा नाही. कुठंतरी शिडीवर असायचा. दूधडेअरी, लाँड्री, मंगल कार्यालय, टेम्पोच्या पाठीवरचे मोर, गणपती मंडळांचे पडदे, सगळं त्याच्या हातचं. खडू लावलेली सुतळी ताणून तो ओळ आखायचा आणि मग श्वास रोखून एका दमात अक्षर ओढायचा. त्याच्या ‘र’ला जी गाठ यायची ती दुसऱ्या कुणाला जमली नाही. माणसं सायकली थांबवून बघायची. मंजुनाथलाही ते माहीत होतं. काम संपलं की शिडीवरून उतरून तो रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहायचा. लोकांना वाटायचं, पाटी सरळ आहे का बघतोय. तो कोण बघतंय ते बघायचा.

मग फ्लेक्स आलं. मी पण मशीन घेतलं. पाट्या रंगवणं बंद होत गेलं, तसा तो एक दिवस माझ्या दुकानात येऊन स्टूलवर बसला आणि म्हणाला, “अमृत, मला ते कंप्युटरवरचं शिकव.” तेव्हापासून तो माझ्याकडं आहे. वाढदिवसाचे बॅनर कंप्युटरवर जुळवतो. मधे साहेबांचा मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांचे बारके फोटो. हात चांगला आहे म्हणून त्याचं काम चांगलंच होतं, पण बॅनर चौकात लागला की तो कधी बघायला गेला नाही.

रेझिन आणलं मी. पाच-सहा वर्षांपूर्वी रेझिनच्या नेमप्लेटची टूम निघाली होती. दोन बाटल्या असतात, एकीतलं दुसरीत ठरल्या मापानं मिसळायचं, साच्यात ओतायचं, दिवसभरात काचेसारखं घट्ट होतं. म्हटलं करून बघू. पण मी सुरुवात केली एप्रिलात, आणि सोलापूरचा एप्रिल म्हणजे रेझिनला चुलीवर ठेवल्यासारखंच. मिसळायच्या भांड्यातच ते तापून धूर सोडायला लागलं. पहिली नेमप्लेट पिवळी पडली, दुसरी तडकली. मी वैतागून बाटल्या मंजुनाथला दिल्या.

“बघ, मी कसं करून दाखवतो,” तो म्हणाला.

घरी त्यानं एक कमळ काढून त्यावर रेझिन ओतलं. ऑईलपेंट ढवळतात तसं त्यानं ते भराभरा ढवळलं होतं. त्याची बायको महेश्वरी शेजारीच शेंगदाण्याची सालं पाखडत बसली होती. ती म्हणाली, “जरा हळू हलवा की. फेस यायलाय.”

“तुला काय कळतंय त्यातलं?” हा म्हणाला.

कमळ बुडबुड्यांनी भरलं. बाटल्या पलंगाखाली गेल्या.

महेश्वरी अक्कलकोटकडच्या एका खेड्यातली. माहेरी कन्नड, इथं कन्नड-मराठी दोन्ही. दहावी झालेली. लग्नाला वीसेक वर्षं होऊन गेली तरी तिनं कधी कागदावर रेघ ओढलेली कुणी बघितली नव्हती. तिनं काही दिवसांनी त्या बाटल्या बाहेर काढल्या. पहाटेच्या गारव्यात, खिडकी उघडी टाकून, करोनातला उरलेला मास्क तोंडाला लावून, तिनं औषधाच्या बाटलीच्या झाकणात थोडंसं रेझिन ओतलं आणि त्यात शेंगदाण्याची ती लाल सालं सोडली. चटणी करताना आपण जी फुंकून टाकतो, तीच. दुसऱ्या दिवशी निघाले ते दोन थेंब. आत काहीतरी लाल, पातळ, तरंगणारं. पाकळी म्हणावं तर पाकळी नाही, काचेतलं रक्त म्हणावं तर तेही नाही. तिनं त्याला तारेच्या कड्या लावल्या आणि कानात घातले.

मंजुनाथनं बघितलं आणि म्हणाला, “पोरखेळ हाय.”

पोरखेळ वाढत गेला. ज्वारीच्या कणसाचं भुसकट, भाकरीचा करपलेला पापुद्रा, पत्र्याचा गंज, शेजारच्या मागावरून पडलेले चादरीचे तुटके धागे, हे सगळं तिच्या मण्यांत जायला लागलं. ते गोल नसायचे, चौकोनी नसायचे. नदीतल्या गोट्यासारखा प्रत्येकाचा आपला आकार. एकासारखा दुसरा तिनं कधी केला नाही. कुणी म्हणालं की मला अगदी अस्साच हवा, तर ती म्हणायची, “तसा झाला एकदा. आता दुसरा होईल.”

मंजुनाथच्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते अक्कलकोट रोडवरच्या एका लग्नात. हे दोघं जेवणाच्या रांगेत उभे होते. एक बाई जवळ आल्या. त्या वैजयंतीताई, हातमागाच्या साड्यांची प्रदर्शनं भरवतात. त्यांनी महेश्वरीला सरळ हाताला धरून बाजूला घेतलं.

“हे कानातलं कुणी केलंय?”

“मीच केलंय की.”

“घरी येऊ का बघायला?”

मंजुनाथ हातात दोघांची ताटं घेऊन उभा होता. त्यांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. तो मला दुसऱ्या दिवशी म्हणाला, “रांगेतले मागचे लोक म्हनायलेत, ओ, पुढं सरका. आनि मी दोन ताटं घिऊन तसाच.”

वैजयंतीताई खरंच घरी आल्या. मंजुनाथनं त्या दिवशी सुट्टी घेतली. मला वाटलं, बायकोच्या मदतीला. त्यानं माळ्यावरची आपली जुनी चित्रं खाली काढून, पुसून, भिंतीला टेकवून ठेवली होती. सिद्धेश्वराचं तळं, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा, तिच्यातले उंच काठ्यांचे नंदीध्वज. ताई आल्या तसा तोच बोलत राहिला. रेझिन म्हणजे काय, त्याला गरमी कशी चालत नाही, रंगसंगती कशाला म्हणतात. महेश्वरी चहा ठेवायला गेली. ताईंनी चित्रांकडं बघून “छान, छान” म्हटलं. मग महेश्वरीनं स्टीलचा डबा उघडला आणि मणी फडक्यावर मांडले.

“तवा त्या बाईनं पर्समधनं चष्मा काढला,” मंजुनाथनं मला सांगितलं. “अमृत, माझ्या चित्राला तिनं चष्मा लावला न्हवता.”

हे त्यानं मला इतक्या वेळा सांगितलं की मला तो चष्मा स्वतः बघितल्यासारखा वाटतो. काळ्या काड्यांचा, साखळीचा.

त्यात त्याच्या आईनं भर घातली. दानम्मा म्हणजे ऐंशीच्या पुढची म्हातारी. तिला ना मराठी वाचता येतं ना कन्नड. मुलानं सगळं शहर रंगवलं पण तिच्यासाठी त्या नुसत्या रेघा. तिनं सुनेच्या डब्यातला एक मणी उचलला, खिडकीकडं धरला, बराच वेळ फिरवून बघितला आणि म्हणाली, “छलो अद.” चांगलं आहे. मग म्हणाली, “मला बी एक कर.” महेश्वरीनं तिला गंजाचा एक तांबूस मणी करून दिला. म्हातारीनं तो कमरेच्या किल्लीच्या गोंड्याला बांधला, आणि चालताना किल्लीवर आपटून त्याचा आवाज यायला लागला. मंजुनाथ म्हणायचा, “अव्वा संडासला निघाली तरी मला कळतंय.” हसून सांगायचा, पण ते हसणं दातांपुरतंच असायचं.

वैजयंतीताईंच्या प्रदर्शनात महेश्वरीला एक टेबल मिळालं. त्याच्या आधी पंधरवडाभर मंजुनाथ रोज दुकानातून लवकर पळायचा. तो स्वतः करत होता. आणि त्यानं जे केलं ते मी बघितलंय. तोंडात बोट घालावं असं होतं. सुपारीएवढा, गळ्यात घालायचा लोलक. त्यात रेझिनचा एक थर ओतायचा, तो वाळला की त्यावर केसाएवढ्या ब्रशनं थोडं चित्र काढायचं, मग वर दुसरा थर, पुन्हा चित्र. असं करत करत त्यानं तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ उभं केलं होतं. पुढं पाणी, मधे घाट, मागं शिखर. वरून डोकावलं की खोल खोल दिसायचं. बुडबुडा एक नाही.

टेबलावर महेश्वरीच्या मण्यांच्या मधोमध त्यानं तो लोलक ठेवला. कुणाचं ते कुणाला सांगायचं नाही असं बायकोला बजावलं. आणि स्वतः हॉलच्या पलीकडच्या भिंतीला जाऊन उभा राहिला, पूर्वी पाटीसमोर राहायचा तसा.

लोक थांबायचे. लोलक उचलायचे. “अरे वा, किती हुबेहूब!” म्हणायचे. आणि परत ठेवायचे. मग त्यांचा हात शेजारच्या करपलेल्या पापुद्र्याकडं जायचा, आणि तो मात्र गळ्याशी लावून बघितला जायचा, आरसा मागितला जायचा. दुपारी एक कॉलेजची पोरगी आली. तिनं देऊळ उचललं, उलटसुलट केलं आणि विचारलं, “हे कीचेन आहे का?”

मंजुनाथनं ते हॉलच्या पलीकडून ऐकलं. तो टेबलापाशी आला, लोलक उचलून खिशात घातला आणि घरी निघून गेला. महेश्वरीला संध्याकाळी सगळं सामान आवरून एकटीनंच रिक्षानं यावं लागलं.

त्यानंतर घरात तो बोलेनासा झाला. म्हणजे बोलायचा, पण टोचून. भाजीत मीठ कमी असलं तर, “आता काय, कलाकार मानसं.” कुणी बाई मणी बघायला आली तर मुद्दाम टीव्ही मोठा करायचा. माझ्यापाशी बसून म्हणायचा, “शिकलो मी. घासलो मी. उन्हात शिडीवर तळपाय भाजून घेतले मी. आनि ही कचरा उचलून काचेत घालतीय, तर ती कला!” मी म्हणायचो, “तुझीच बायको आहे ना?” तर म्हणायचा, “म्हनूनच की. दुसऱ्याची असती तर मी बघायला बी गेलो नसतो.”

पुढच्या वर्षी वैजयंतीताईंनी निरोप आणला. पुण्यात अंगावर घालायच्या कलेचं प्रदर्शन भरणार होतं, देशभरातून मोजकी माणसं बोलावली होती, आणि सोलापुरातून महेश्वरीनं गळ्यातलं एक मोठं काम घेऊन यावं असं ठरलं होतं. ती बरेच दिवस नुसतीच विचार करत फिरत होती. एका रविवारी मंजुनाथ दाढी करत असताना तिनं विचारलं, “माळ्यावरची तुमची ती फळी घेऊ का?”

“कुठली?”

“तुमची. ब्रश पुसायची.”

“जाळायला घे, नायतर काय करायला घे,” तो आरशात बघत म्हणाला.

ती फळी त्याच्या दुकानातली. तिच्यावर तो रंग मिसळायचा, काम झालं की ब्रश त्याच फळीला पुसायचा. वीस-बावीस वर्षं तीच एक फळी. एकावर एक रंग वाळत वाळत तिच्यावर बोटाएवढं जाड कवच चढलं होतं. वरून बघितलं तर नुसता चिखल.

महेश्वरीनं ते कवच छिन्नीनं सोडवलं, लोखंड कापायच्या करवतीनं त्याचे तिरके तुकडे केले आणि कापलेली बाजू पॉलिश पेपरवर पाणी घालून घासली. मंजुनाथ संध्याकाळी घरी आला तेव्हा तुकडे ओळीनं मांडलेले होते. प्रत्येकाच्या कडेला पट्टे. केसाएवढे बारीक, शेकडो. गणपतीचा शेंदरी, डेअरीचा निळा, टेम्पोचा लाल, निवडणुकीचे सगळे रंग एकमेकांना चिकटून, मधे कुठंतरी शाळेच्या भिंतीचा पोपटी.

तो उभ्या उभ्या ते वाचत गेला. “हे लाँड्रीचं निळं. हे बँडवाल्याच्या गाडीचं सोनेरी,” असं त्याच्या तोंडून बाहेर आलंसुद्धा. मग तो थांबला.

“हे परत दे,” तो म्हणाला.

“तुमीच घे म्हनालात.”

“फळी म्हनलो. हे न्हाय म्हनलो.”

“फळीवर हेच हुतं की.”

“माझं हाय ते.”

“व्हय. तुमचंच हाय. तुमच्याकडं हुतं तवा माळ्यावर पडलं हुतं.”

ती रागानं म्हणाली नव्हती. पण त्याला ते फार लागलं.

तुकडे रेझिनमध्ये बसवून, वरचा शेवटचा थर ओतून, महेश्वरीनं ते एका पाटावर मांडले आणि धूळ बसू नये म्हणून वर प्लॅस्टिकचा मोठा डबा पालथा घातला. रेझिन घट्ट होईपर्यंत त्यावर कण पडला तरी तो कायमचा आत बसतो. मग ती सासूला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. मंजुनाथ घरी होता. बाहेर वाऱ्याची वेळ होती, चौकात वावटळी उठत होत्या.

त्यानं डबा उचलला आणि कपाटावर ठेवला. खिडकी पूर्ण उघडली. पंखा पाचवर लावला. आणि दुकानात निघून आला.

त्या दिवशी माझ्यासमोर त्यानं तीन कप चहा घेतला. मला काहीच कळलं नव्हतं.

महेश्वरी परत आली तेव्हा प्रत्येक मण्यावर धुळीची साय धरली होती, पंख्यानं वरचा थर सुरकुतला होता, एकात तर माशी अडकलेली. तिनं आरडाओरडा केला नाही. पंखा बंद केला आणि मणी घट्ट होईपर्यंत रात्रभर तसेच राहू दिले. सकाळी पाट अंगणात घेतला, बादलीत पाणी घेतलं आणि पॉलिश पेपर भिजवून एकेक मणी घासायला बसली. खरखरीत पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. काही मणी घासता घासता रंगापर्यंत गेले आणि फुकट गेले. तिची बोटं सोलली. मंजुनाथ घरात असला की तो खसखस आवाज त्याच्या कानात. तो दुसऱ्या खोलीत गेला तरी आवाज येतच होता.

शेवटी तो अंगणात येऊन उभा राहिला. ती मान वर न करता म्हणाली, “डबा कपाटावर कुनी ठेवला?”

“वाऱ्यानं उडाला असंल.”

“वारा डबा उडवंल. कपाटावर नीट ठेवनार न्हाय.”

तिनं पेपर पुन्हा पाण्यात भिजवला.

“कशापाई केलं?”

“जळतंय माझं,” तो म्हणाला. असा शब्द आपल्या तोंडून येईल असं त्याला वाटलं नव्हतं. “तुझं काय बी चांगलं झालं की हितं जळतंय. मी काय करू?”

महेश्वरीचा हात थांबला नाही. थोडा वेळ ती घासत राहिली. मग म्हणाली, “मला वाटायचं, मी एकटीच हाय तसली.”

“म्हंजे?”

“लगीन होऊन आले तवा तुमी मला बाजारात नेलं. वेशीपासनं पाट्या दावत. ही माझी, ती माझी. समदे हाका मारायचे, पेंटर, ओ पेंटर. मी मागं पिशवी घिऊन. एकानं बी इचारलं न्हाय, ही कोन. पाटीखाली बारक्या अक्षरात तुमचं नाव असायचं. माझ्या भाकरीखाली कुनी नाव घातलं? तुमी शिडीवर चढलात की मला वाटायचं, ह्यांचा हात जरा हालावा. एकदा तरी वाकडं अक्षर यावं.” तिनं मणी पाण्यात बुडवून वर काढला. “फ्लेक्स आलं, दुकान बंद झालं, तुमी ताटावरनं उठून गेलात. त्या दिशी मी सिद्धेश्वराला नारळ फोडला.”

मंजुनाथ पायरीवर बसला. त्यानं मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, “राग आला असेल?”

“आला की. लई आला. तिचे मनी बादलीसकट रस्त्यावर फेकावं वाटलं. पन त्याच्या आधी काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं. एवढी वर्षं ही माझ्या पाटीकडं बघत न्हाय म्हनून मी मनातनं खट्टू हुतो. ती बघत हुती, अमृत. जळून बघत हुती.”

अंगणात महेश्वरीनं हातातला मणी पुसून बाजूला ठेवला. मग पॉलिश पेपरचा तुकडा त्याच्यापुढं धरला.

“घ्या. घान तुमची हाय, तुमी घासा.”

त्यानं घासलं. ब्रशनं घडवलेला हात होता, दाब कुठं द्यायचा ते त्याला लगेच कळलं. निम्मे मणी वाचले. उरलेल्या कवचातून महेश्वरीनं काही नवीन कापले, आणि काळ्या सुतात ओवून ते गळ्यातलं पुरं केलं.

पुण्याला मीच त्यांना गाडीनं नेलं. मला शाई आणायची होती. निघताना महेश्वरीनं विचारलं होतं, “गळ्यातल्याखालच्या चिठ्ठीवर तुमचं बी नाव टाकायला सांगू का?” तो ताठ मानेनं “नको” म्हणाला. आणि इंदापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. मला ओळखीचं होतं ते. तिनं पुन्हा एकदा विचारावं म्हणून तो वाट बघत होता. तिनं विचारलं नाही.

हॉलमध्ये काळ्या कापडाच्या मानेवर ते गळ्यातलं लावलं होतं, वर एकच दिवा. मी छपाईतला माणूस, रंग रोज बघतो, पण मीही थांबलो. खाली चिठ्ठी होती, महेश्वरी आळगी, सोलापूर. गर्दी होतीच. एका बाईनं वाकून विचारलं, “हे पट्टे कशाचे आहेत? दगड आहे का?”

“रंग हाय,” महेश्वरी म्हणाली. “पाट्यांचा. ह्यांनी रंगवल्या सगळ्या.” आणि तिनं हात केला.

बाई वळल्या. मंजुनाथनं शर्ट खाली ओढला.

“अच्छा, म्हणजे मटेरियल तुमचं!”

“व्हय,” तो म्हणाला. त्याच्या जबड्याची शीर हललेली मला दिसली. महेश्वरीलाही दिसली. तिनं तोंडावर पदर धरला, आणि मला शपथेवर सांगायला सांगा, ती हसत होती.

संध्याकाळच्या आत ते गळ्यातलं एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईनं घेतलं. पिशवीत नाही घातलं, तिथंच गळ्यात घातलं आणि निघाली. मंजुनाथ तिच्या मागोमाग दारापर्यंत गेला, मग रस्त्यापर्यंत. बाहेर ऊन होतं. ती बाई चालत चालत सिग्नल ओलांडून गेली, तिच्या गळ्यात सगळं सोलापूर पट्ट्यापट्ट्यानं हलत होतं, आणि हा फुटपाथवर हात मागं बांधून उभा. मी जवळ गेलो.

“काय रे?”

“उन्हात निळा बरोबर दिसायलाय,” तो म्हणाला. मग लगेच, “पन डावीकडचा तिसरा मनी उलटा ओवलाय तिनं. शेंदरी वर पायजे हुता.”

आत येऊन त्यानं बायकोला तेच ऐकवलं. तिनं आठवून बघितलं आणि म्हणाली, “व्हय की. तुमचं बरोबर हाय.” परतीच्या वाटेवर तो सोलापूर येईपर्यंत बोलत होता.

आता तो दिवसा माझ्याकडं असतो आणि संध्याकाळी घरी मणी घासतो. कुणी “तुम्ही दोघं मिळून करता वाटतं?” म्हणालं तर तोडून सांगतो, “मी घासतो. करती ती.” ह्यात मोठेपणा आहे असं कुणाला वाटेल, पण मला माहितंय, अर्धा वाटा त्याला घ्यायचाच नाही. सगळा तरी हवा, नाहीतर नको.

त्याचं जळणं गेलेलं नाही. कुणी चष्मा काढून मणी बघायला लागलं की तो आजही उठून बाहेर जातो. पण नवीन मणी झाला की महेश्वरी तो पहिल्यांदा त्याच्याच हातात देते. तो खिडकीशी धरतो, फिरवतो, नखानं कड चाचपतो. हेवा करणाऱ्याइतकं बारीक कुणी बघत नाही. कुठं सुईच्या टोकाएवढा बुडबुडा असला, कड जराशी धुरकट असली, की त्याचा चेहरा उजळतो.

“सापडला?” ती विचारते.

“सापडला,” तो म्हणतो आणि खुशीत चहा मागतो. ती मणी पुन्हा घासायला घेते. तिच्या कामात आताशा दोष निघत नाही तो ह्याच्यामुळं, असं वैजयंतीताईसुद्धा म्हणतात. ते त्याला कुणी सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात एक मणी तो खिशात घालून दुकानात घेऊन आला. ज्वारीचं भुसकट आणि काजळाची एक रेघ, एवढंच त्यात होतं. त्यानं तो टेबलावरच्या दिव्याखाली ठेवला. मग छपाईचे ठिपके बघायचं माझं भिंग मागितलं. वरून बघितलं, बाजूनं बघितलं, उलटा करून बघितलं. गिऱ्हाईक ताटकळत होतं.

“काय सापडलं?” मी विचारलं.

“काय न्हाय,” तो म्हणाला, आणि मणी रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

दिवसभर त्याचं कामात लक्ष नव्हतं. त्या दिवशीच्या बॅनरवर त्यानं साहेबांचं आडनाव चुकीचं टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी तो फ्लेक्स मला पुन्हा छापून द्यावा लागला.